पणज्याचा माग
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात कुपवाड येथे केलेले भाषण)





माझं शिक्षण चौथी. शेती करतो आणि पांडुरंग बोलवील तिथं चार शब्द निरूपण करतो. भाषण हा आपला प्रांत नव्हे. पण शताब्दी मंडळानं ठरवलं की पहिल्या साली दिंडीत जी माणसं चालली, त्यांच्या घरच्यांनी आपापल्या वाडवडलांची माहिती द्यायची आणि ती स्मरणिकेत छापायची. छापील फॉर्म घरोघर वाटले. आमच्या घरातून आमचा आज्जा पहिल्या दिंडीत होता, वय बावीस-तेवीस. मी फॉर्म भरायला बसलो आणि दुसऱ्याच ओळीला अडलो. वडिलांचं नाव लिहिलं. पुढं रकाना, मृत्यू कधी व कोठे. आता काय लिहायचं? आमचा पणजा मेला असं आमच्या घरात कुणी कधी म्हटलंच नाही. पणजा "गेला" असं म्हणत.

गेला म्हणजे असं. आज्जा पाच वर्षांचा असताना पणजा आषाढीला पंढरीला गेला आणि परत आला नाही. गावात कुणी म्हणे बैरागी झाला, कुणी म्हणे सावकाराच्या भयानं पळाला, कुणी त्याहून वाईट बोले. पणजीनं मरेपर्यंत कुंकू लावलं. माझ्या वडिलांनी तिला बघितलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. लोक म्हणायचे, म्हातारी वाट बघतीया. आणि आज्ज्याला बांधाच्या भांडणात एकच टोमणा असायचा, "पळपुट्याचा पोरगा." हा टोमणा त्यानं साठ-सत्तर वर्षं ऐकला. दिंडीतसुद्धा ऐकला, खोटं कशाला बोलू. वारकरी झालं तरी माणसाची जीभ ती जीभ.

तर मी म्हटलं, फॉर्मचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. माग काढायचा.

सुरुवात घरापासून केली. ज्यांना कुणाला आपल्या पूर्वजांचा शोध घ्यायचा आहे त्यांनी आधी घरातली ट्रंक, देवघराचा कोनाडा आणि म्हाताऱ्या माणसांची जीभ या तीन ठिकाणी बघावं. सरकारी कचेरी नंतर. आमच्या ट्रंकेत शेतसाऱ्याच्या पावत्या निघाल्या, एक गहाणखत निघालं, आणि एक कागद मोडीत. गहाणखतावर पणज्याच्या नावापुढं सही नाही, नांगर काढलेला. तुमच्यातल्या पोरांना हे ठाऊक नसणार. आपल्या माणसाला अक्षर येत नव्हतं, पण म्हणून तो अंगठेबहाद्दर नव्हता. कुणबी असला की नांगराची निशाणी करायचा. बायकांची निशाणी बांगडीची. कागदावर लिहिणारा लिहायचा "निशाणी नांगर" आणि शेजारी शेतकरी आपल्या हातानं तो काढायचा. आमच्या पणज्याचा नांगर जरा डावीकडं कललेला आहे, रुमणं लांब. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

मोडीचा कागद वाचायला मिरजेचे एक निवृत्त गुरुजी मिळाले. मिरजेला ही परंपरा जुनी आहे. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत मास्तर होते, त्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं वर्षानुवर्षं वाचून "ऐतिहासिक लेखसंग्रह" छापला. आमचे गुरुजी म्हणाले, त्यांनी राजेरजवाड्यांचं वाचलं, मी तुमचं वाचतो. मोडी म्हणजे काय, आधी ओळभर रेघ मारायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षराला अक्षर जोडत जायचं. ऱ्हस्व-दीर्घ एकच. शब्द कुठं तुटला ते अंदाजानं घ्यायचं. त्यात जुने शब्द. "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा. "कोम" म्हणजे अमक्याची बायको. साल शके असेल तर ७८ मिळवा, शके १८३० म्हणजे १९०८. फसली असेल तर ५९० मिळवा. आमचा तो कागद बैल विकल्याचा निघाला. निराशा झाली, पण गुरुजींकडं अक्षर ओळखायला चार महिने बसलो. या वयात पाटी घेतली. नात हसायची.

मग सरकारी कागद. आता इथं आपल्या भागाची एक गंमत सांगितली पाहिजे. आज आपण सांगली जिल्हा म्हणतो, पण १९४९ पर्यंत असा जिल्हाच नव्हता. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ ला दक्षिण सातारा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. त्याआधी एक गाव सांगलीकरांचं, शेजारचं मिरजकरांचं, त्यात थोरली पाती वेगळी, धाकटी पाती वेगळी, पलीकडचं इंग्रजांचं. त्यामुळं एकाच भावकीचे कागद चार दप्तरांत असू शकतात. काही तालुक्याच्या अभिलेख कक्षात, काही कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात, काही पुण्याच्या. ज्याला कुणाला "तुमचा कागद इथं नाही" असं सांगितलं, त्यानं "मग कुठं असेल" हे विचारल्याशिवाय उठू नये. मला एका ठिकाणी सात हेलपाटे घालावे लागले. ते जाऊ द्या, वारीला चालणाऱ्याला सात हेलपाट्यांचं काय!

२०२३ साली सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं, तेव्हापासून मात्र या रुमालांवरची धूळ झटकली गेली. गाव नमुना चौदा म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, तिलाच कोतवाल बुक म्हणतात. हक्कनोंद, खासरा पत्रक, पाहणी पत्रक, १९५१ चं नागरिकांचं रजिस्टर, सगळं बाहेर आलं. पुष्कळ ठिकाणी कागद संगणकावर चढवले. आरक्षणाचं काय व्हायचं ते होईल, पण त्या निमित्तानं लोकांना आपल्या आज्या-पणज्यांची नावं कळली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. रांगेत उभी राहिलेली माणसं नक्कल हातात पडल्यावर आधी जात बघायची, आणि मग हळूच म्हणायची, "अरे, आज्जीचं माहेर हे होतं व्हय!"

कोतवाल बुकात पणज्याचा मृत्यू नाही. मी म्हटलं, बरोबर आहे, गावात मेला नाही तर गावच्या वहीत कसा येईल.

मग फेरफार मिळाला. फेरफार म्हणजे जमिनीवर नाव का बदललं त्याची हकीकत. माणूस वारला की वारसाची नोंद होते, "अमुक मयत, वारस अमुक." मूल लहान असेल तर त्याच्या नावापुढं "अ. पा. क." लिहून पालनकर्त्याचं नाव येतं. आमच्या पणज्याच्या नावावर असं काही झालेलंच नाही. तेरा वर्षं जमीन त्याच्याच नावावर. तेरा वर्षांनी, आज्जा अठरा वर्षांचा झाल्यावर, एक नोंद. तिच्यात लिहिलंय की खातेदार बारा वर्षांवर परागंदा आहे, ठावठिकाणा नाही, सबब मुलाचं नाव दाखल. आणि हे कुणाच्या जबाबावरून? पणजीच्या. खाली तिचा अंगठा.

परागंदा. म्हणजे गावची निंदा सरकारी शाईनं लिहिलेली. ती नक्कल मी दोन दिवस कुणाला दाखवली नाही. एका वकिलांनी समजावलं की १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याप्रमाणं सात वर्षं ज्याचा पत्ता नाही तो मेला असं धरता यायचं, म्हणून हे चाललं. पण माझं त्यानं काय समाधान होणार? मी म्हटलं, पांडुरंगा, मी माग काढायला निघालो आणि टोमणाच खरा करून बसलो.

इथं मला तुकोबारायांची आठवण झाली. त्यांनी दुष्काळानंतर आपल्या वाटणीची कर्जखतं इंद्रायणीत सोडली. भावाचा हिस्सा भावाला दिला, आपला बुडवला. आणि आम्ही खतं शोधत हिंडतोय! कधी वाटायचं, सोडून द्यावं पाण्यात. पण दुसरीकडं महिपतीबाबा बघा. ताहराबादचे, घरचं कुलकर्णीपण, म्हणजे दप्तराचाच माणूस. कथा अशी सांगतात की पूजेत असताना सरकारी कामाला बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी ठरवलं की ही लेखणी आता संतांसाठीच. शके १६८४ ला "भक्तविजय" झाला. महिपतींनी गावोगावच्या संतांच्या हकिकती मिळवून लिहून ठेवल्या नसत्या तर आम्ही कीर्तनकारांनी उत्तररंगात काय सांगितलं असतं? म्हणजे कागद बुडवणाराही आपला आणि लिहिणाराही आपलाच. मी लिहिणाऱ्याच्या बाजूला राहिलो.

राहिली पंढरपूरची वही. क्षेत्रोपाध्यांकडं यात्रेकरूंच्या वह्या असतात, तशा नाशिक-त्र्यंबकलाही असतात. कोण आलं, कुठल्या गावचं, बाप कोण, आज्जा कोण, भाऊ किती, मुलं किती, कशासाठी आला, सगळं लिहून खाली सही किंवा निशाणी. गावं उपाध्यांच्या घराण्यांत वाटलेली. मला आधीच सुचायला पाहिजे होतं म्हणाल, पण आमच्या घरात एक दंडक होता. पणजीनं घालून दिलेला. पंढरीला जायचं, चंद्रभागेत बुडी मारायची, कळस बघायचा, दर्शन घ्यायचं, पण उपाध्यांच्या वाड्याला जायचं नाही. आज्ज्यानं साठाच्या वर वाऱ्या केल्या, पायरी चढला नाही. आम्ही समजायचो की दक्षिणा द्यायला पैसे नव्हते म्हणून असेल.

मी तो दंडक मोडला. कुपवाडच्या वहीत आमचं घराणंच नाही! उपाध्ये काका भले माणूस, म्हणाले, "माऊली, मूळ गाव कोणतं? वही मूळ गावावर चालते."

मूळ गाव कुणाला ठाऊक. पण मला हेळव्याची आठवण झाली. आपल्याकडं सुगीनंतर बैल घेऊन हेळवी यायचे. कानडी मुलखातले, हेळव म्हणजे पांगळा, त्यांचा मूळ पुरुष पांगळा होता आणि बैलावर बसून फिरायचा असं सांगतात. दारात उभे राहून ते घराण्याची सात-सात पिढ्यांची नावं म्हणायचे, मूळ गाव, देवक, कुलस्वामी, आणि सूपभर जोंधळं घेऊन जायचे. आम्ही पोरं त्यांच्या बैलाच्या झुलीला हात लावायला धावायचो, नावांकडं कुणाचं ध्यान? आता वर्षाआड एखादा येतो, मोटारसायकलवर. त्याचा पत्ता काढून त्याच्या गावाला गेलो. त्यानं वही उघडायच्या आधीच म्हणायला सुरुवात केली. आमचं मूळ गाव माणदेशात, आटपाडीच्या बाजूला. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात माणदेशाची कितीतरी कुटुंबं कृष्णाकाठच्या मुलखात उतरली, त्यातलं आमचं एक. हेळव्याला पायलीभर शाळू दिला आणि पाचशे रुपये. तो पैसे नको म्हणत होता, शाळू मात्र मापून घेतला.

पुढच्या माघीला परत पंढरी. उपाध्ये काकांनी त्या गावाची वही काढली. लांबट, वरून शिवलेली, लाल कापडाची. पान उलटता उलटता त्यांचं बोट थांबायच्या आधी माझा डोळा थांबला. नांगर. डावीकडं कललेला, लांब रुमण्याचा. वर मोडीत मूळ गावाचं नाव आणि पुढं "हल्ली वस्ती कुपवाड."

पणजा पंढरीत पोचला होता, मंडळी. नाव लिहून गेला होता. तिथी आषाढ शुद्ध दशमीची.

त्याच पानावर खाली दुसरी नोंद, पुढच्या वर्षीच्या कार्तिकातली. अक्षर लावायला मला अर्धा तास लागला, काका मधे बोलले नाहीत. त्यात लिहिलंय की वरील इसम मागील आषाढीस या क्षेत्री जरीमरीने मयत, त्याची स्त्री तीर्थश्राद्धास आली, सोबत मुलगा, वर्षे सहा. खाली निशाणी. बांगडी.

जरीमरी म्हणजे पटकी, कॉलरा. आता तुम्ही नळाचं पाणी पिता, टँकर बरोबर चालतात, त्यामुळं अंदाज येणार नाही. त्या काळात आषाढी म्हटलं की पटकी ठरलेली. लाखो माणूस एका नदीकाठी, तेच पाणी प्यायला. सकाळी टाळ वाजवणारा संध्याकाळी गार. कोण कुठला हे विचारायला वेळ नसायचा, माणसं एका ठिकाणी उरकून टाकायचे. बरोबरचे लोक जीव घेऊन गाव गाठायचे. मिरजेपासून पंढरपूरपर्यंत बार्शी लाइनची छोटी गाडी १९२७ ला झाली, त्याच्या आधी आपली माणसं कवठेमहांकाळ, नागज, सांगोला अशी पायी नाहीतर बैलगाडीनं. जमावात एखादा मागं पडला तर पडला. आमच्या लहानपणापर्यंत दंडात पटकीची सुई टोचून घेतल्याशिवाय वारीला जाऊ देत नव्हते. तो दंड सुजलेला घेऊन मी पताका धरलेली आहे.

तर पणजा पळाला नव्हता. आणि पणजीला ते पहिल्या दीड वर्षातच कळलं होतं. ती मुलाला घेऊन गेली, विधी करून आली, आणि गावात परत आली ती कपाळाला कुंकू लावून.

आता आज्ज्याची एक गोष्ट सांगतो, ती आम्ही शंभर वेळा ऐकलेली. आज्जा म्हणायचा, "मी बारका असताना आईनं मला पंढरीला नेलं. चंद्रभागेत उभं केलं आणि एका बामणानं माझ्या हातावर पिठाचा गोळा ठेवला. म्हणाला सोड. मी सोडला. मला वाटलं माशाला घालायचा हाय. मी म्हटलं आणखी द्या. तर आई रडाय लागली." आणि आज्जा हसायचा. आम्ही पण हसायचो. बापाला पिंड दिला होता त्यानं, आणि जन्मभर त्याला वाटत राहिलं की आपण मासे खेळवले.

का केलं असेल पणजीनं असं? वहीत कारण लिहीत नाहीत. मी माझा तर्क सांगतो, पटला तर घ्या. नवरा मयत म्हटलं असतं तर मुलगा अज्ञान, पालनकर्ता म्हणून दीर लागला असता. त्या दिराची कीर्ती मी इथं सांगत नाही, त्याची नातवंडं समोर बसली आहेत आणि माणसं चांगली आहेत. वर ते गहाणखत. परगावी गेलेला नवरा कधीही परत येऊ शकतो, त्याच्या जमिनीला हात लावताना माणूस दहांदा विचार करतो. मेलेला येत नाही. तिनं तेरा वर्षं मेलेल्या माणसाच्या नावावर नांगरट केली, सारा भरला, गहाण सोडवलं. पावत्या ट्रंकेत आहेत, सगळ्या पणज्याच्या नावाच्या. पोरगा सज्ञान झाल्याबरोबर कचेरीत उभी राहिली, "परागंदा" म्हणाली आणि अंगठा दिला. मयत म्हटलं असतं तर विचारलं असतं, कधी, कुठं, आणि इतकी वर्षं का सांगितलं नाही. वाड्याची पायरी आज्ज्यानं का चढायची नव्हती ते आता कळतं.

शेत राहिलं. पोराला मात्र "पळपुट्याचा" हे ऐकून घ्यावं लागलं. तिनं त्याला एकांतात कधी सांगितलं असेल का? मला वाटतं नाही. सांगितलं असतं तर आज्ज्यानं ती माशाची गोष्ट हसून सांगितली नसती. माझ्या धाकट्या भावाला पणजीचा राग येतो. तो म्हणतो, निदान मरताना तरी सांगायचं होतं. माझ्या बायकोला राग येत नाही. ती म्हणाली, "तुम्हाला कधी दिरानं घराबाहेर काढलं नाही, तुम्हाला काय कळणार." मी दोघांचंही ऐकून घेतलं.

पणजीचं नाव आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. सगळे आवा म्हणायचे. फेरफारातही "कोम अमुक." त्या वहीत मात्र तिचं नाव आहे, माहेरच्या गावासकट. ते मी स्मरणिकेच्या मागं जी वंशावळ छापली आहे तिच्यात घातलंय, आज्ज्याच्या वर, पणज्याच्या शेजारी, एकाच ओळीत. फॉर्मचा तो रकानाही भरला. मृत्यू आषाढात, पंढरपूर क्षेत्री, पटकीनं.

फेरफार दुरुस्त करायचा का, असं एकानं विचारलं. नको म्हटलं. "परागंदा" हा शब्द आमच्या घरात आता वेगळा वाचला जातो. निघताना उपाध्ये काकांनी वही माझ्यापुढं केली, आता तुमची नोंद. मी नाव-गाव लिहिलं. मला सही येते, चौथीपर्यंतची का होईना. तरी सहीच्या शेजारी नांगर काढला. सरळ आला, पणज्यासारखा कललेला जमला नाही.

आता मंडळाचं काम सांगतो आणि थांबतो. आपल्या दिंडीच्या पहिल्या सालची भिशीची वही सापडलेली आहे. निम्मी बाळबोध, निम्मी मोडी. कुणी किती शिधा दिला, कुणाचा बैल आजारी पडला, कोण नागजपासून माघारी आलं, सगळं आहे. त्यातली बरीच नावं लागली. अकरा नावांची घरं लागत नाहीत. एक नाव बाईचं आहे, तिच्यापुढं कुणाचं बिन नाही, कोम नाही, नुसतं नाव आणि दोन पायल्या जोंधळे. ही अकरा नावं देवळाच्या फळ्यावर लावली आहेत. बघा, कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या म्हातारीच्या तोंडात त्यातलं एखादं निघतंय का. संध्याकाळी हरिपाठानंतर मी आणि मोडीवाले गुरुजी देवळातच असतो. कागद चुरगळला असला, उंदरानं कुरतडला असला तरी आणा.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल.